साडेतीन तासांचा अण्णा

देशासाठी मी आयुष्यात एकदाच उपाशी राहिलो. बुधवार, २४ ऑगस्ट २०११, सकाळी सव्वाअकरा ते दुपारी पावणेतीन. म्हणजे साडेतीन तास. मराठी माणसाला साडेतीनाचं वावडं नाही. मुहूर्त साडेतीन, शहाणे साडेतीन, देवीची पीठंसुद्धा साडेतीनच. त्यामुळे हा आकडा मी चारचौघांत बिनदिक्कत सांगतो. घरून काय खाऊन निघालो होतो, ते इतकी वर्षं सांगत नव्हतो.

तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होतो. तिकडे दिल्लीत लोकपाल कायद्यासाठी अण्णा हजारेंच्या उपोषणाचा नववा दिवस चालू होता. १६ ऑगस्टला पोलिसांनी त्यांना उचलून तिहारमध्ये टाकलं, संध्याकाळी सोडतो म्हणाले, तर हेच बाहेर येईनात. कैदी जायला तयार नाही म्हणून तुरुंगाची पंचाईत झालेली देशानं बहुधा पहिल्यांदाच पाहिली. १९ तारखेला ते बाहेर आले आणि रामलीला मैदानावर जाऊन बसले. आमच्या गावाला अण्णांचं कौतुक होतंच. माहितीच्या अधिकाराचा कायदा दिल्लीत २००५ साली झाला, पण महाराष्ट्रात त्याआधीच, २००२ साली, तो आला त्यात या माणसाच्या उपोषणांचा वाटा मोठा, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण खरं कौतुक त्यांच्या हिंदीचं. टीव्हीवर ते हिंदी ऐकलं आणि गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, अरे, दिल्लीत एवढ्या हिंदीवर चालतं? मग आपण का मागे राहायचं?

ठरलं. तहसील कचेरीसमोर साखळी उपोषण.

साखळी उपोषण म्हणजे उपोषणाची भिशी. रोज नवे पाच जण उपाशी बसायचे, संध्याकाळी लिंबू सरबत घेऊन घरी जायचं, दुसऱ्या दिवशी दुसरे पाच. उपोषण अखंड चालू राहतं आणि कुणाला फारशी भूकही लागत नाही. ही युक्ती ज्याला सुचली त्याच्या बुद्धीला माझा दंडवत. मांडव घालायला गणपती मंडळाची ताडपत्री आणि बांबू होतेच. त्या वर्षी गणपती १ सप्टेंबरला बसणार होते, त्यामुळे सामान माळ्यावरून काढलेलंच होतं. सतरंज्या भजनी मंडळाच्या, माईक सप्त्याचा. प्रश्न विजेचा होता. तात्पुरत्या कनेक्शनचा अर्ज केला तर आठ दिवस लागतील असं कळलं. तोवर अण्णांचं काय होईल ते सांगता येत नव्हतं. शेवटी वायरमन स्वतःच आला, शिडी लावून खांबावर चढला आणि तारेवर आकडा टाकून खाली उतरला. "माझ्याकडून आंदोलनाला एवढंच," म्हणाला आणि खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली. टोपीवर 'मी अण्णा' असं छापलेलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिली घोषणा त्या आकड्याच्या विजेवर झाली.

माझा नंबर २४ तारखेला लागला. आदल्या रात्री घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "उपाशी बसायचं तर पोट भरून जा. तुम्हाला पित्त आहे."

"अगं, हे उपोषण आहे. उपवास नव्हे."

"श्रावण आहे. श्रावणात दोन्ही एकच."

आमच्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण नसून घरचा रिवाज आहे. सकाळी नऊ वाजता पानात साबुदाण्याची खिचडी होती, वरीचे तांदूळ होते, त्यावर दाण्याची आमटी होती, रताळ्याचा कीस होता आणि दोन केळी होती. उंट वाळवंटात शिरण्याआधी पाणी भरून घेतो हे मी पाचवीला शिकवलेलं होतं. त्या तत्त्वावर मी आमटी दोनदा घेतली. निघताना हिनं खिशात दाण्याचा लाडू घातला. "चक्कर आली तर असू द्या."

पावणेअकराला शाळेत गेलो. आता इथून पुढचा भाग जरा अवघड आहे. मस्टरवर सही केली. सवयीनं केली असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. पण सवयीनं केलेल्या सहीनंतर माणूस उपमुख्याध्यापकांना "जरा कचेरीत काम आहे, जाऊन येतो," असं सांगत नाही. ते मी सांगितलं. आणि तसं खोटंही नव्हतं. काम होतं, कचेरीतच होतं. फक्त कचेरीच्या फाटकाबाहेर.

मांडवात माझी जागा डावीकडून दुसरी. उजवीकडे गावातले एक निवृत्त वकीलसाहेब, मांडीवर कायद्याचं बारकं पुस्तक घेऊन. आणि डावीकडे, पांढराशुभ्र झब्बा, डोक्यावर टोपी, टोपीवर 'मी अण्णा', असे बसले होते भाऊ.

भाऊंची ओळख करून द्यायला हवी. कचेरीच्या आवारात लिंबाचं झाड आहे. त्या झाडाखाली पत्र्याचं टेबल, टेबलावर शिक्के, कोर्ट फी स्टॅम्प, फॉर्मांचे गठ्ठे, आणि टेबलामागे भाऊ. कचेरीत कुठलंही काम असो, आधी झाडाखाली जायचं. वडील गेल्यावर बावीस गुंठ्यांना माझं आणि भावाचं नाव लावायचं होतं. वारस नोंद. शिकलेल्या माणसानं करावी इतकी सोपी गोष्ट: अर्ज द्यायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, तलाठी गाव नमुना ६-क मध्ये नोंद घेतो, मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही की मंडळ अधिकारी मंजूर करतो आणि नाव सातबारावर चढतं. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला हे सगळं पाठ होतं. पहिल्या सहा महिन्यांत मी सहा हेलपाटे घातले. एकदा तलाठी दौऱ्यावर, एकदा मीटिंगला, एकदा दाखल्यावरचं नाव आणि सातबारावरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक. सातव्या खेपेला लिंबाखाली गेलो आणि भाऊंच्या हातात पंधराशे रुपये ठेवले. काम झाल्यावर आणखी पंधराशे द्यायचे होते. त्यालाही आता चौदा महिने झाले होते.

त्या भाऊंच्या मांडीला मांडी लावून मी भ्रष्टाचाराविरुद्ध उपाशी बसलो.

अर्धा तास मी समोर बघत राहिलो. मग राहवलं नाही. घोषणांचा गजर चालू असताना तोंड न हलवता विचारलं, "भाऊ, आपल्या नोंदीचं काय झालं?"

भाऊंनी डोळे मिटले. "सर, आज ते नाही बोलायचं. उपास आहे."

माझीच मला लाज वाटली. पण पाच मिनिटांनी भाऊच माझ्याकडे झुकले. "एक सांगू? हा कायदा कडक झाला ना, तर रेट वाढणार."

"तो कसा?"

"जोखीम वाढली की रेट वाढतो. दारूबंदीत दारू महाग होते तसं. तुमची नोंद त्याच्या आत उरकून घेऊ."

आणि त्याच दमात त्यांनी दोन्ही हात वर करून "भ्रष्टाचार" असा आवाज दिला. "हटाव!" मी ओरडलो. माझ्याइतक्या कळकळीनं त्या मांडवात दुसरं कुणी ओरडलं नसेल.

बाराच्या सुमारास माईक माझ्याकडे आला. शिक्षक म्हटलं की माईक येतोच. मी लोकपालाचा इतिहास सांगितला. १९६८ साली संसदेत पहिलं विधेयक आलं, तेव्हापासून ते पुनःपुन्हा येतं आणि लोकसभा विसर्जित झाली की तेही विसर्जित होतं. आपण निदान गणपतीला पुढल्या वर्षी लवकर या असं म्हणतो, याला कुणी तेही म्हणत नाही. हशा पिकला. मग अंगात आलं. "केंद्रात लोकपाल आणि महाराष्ट्रात लोकायुक्त आलाच पाहिजे!" मी गरजलो. मांडव गरजला.

खाली बसलो तेव्हा वकीलसाहेबांनी माझा गुडघा दाबला. "सर, लोकायुक्त आहे."

"कुठं?"

"मुंबईत. कायदा १९७१चा, लोकायुक्त ७२पासून. नेमणारं देशातलं पहिलं राज्य आपलंच."

वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवत होतो मी. "करतात काय ते?" मी विचारलं.

"शिफारस करतात."

यावर काय बोलावं सुचेना, म्हणून मी पाणी प्यायलो. पाणी चालत होतं. पण वकीलसाहेबांना आता विषय मिळाला होता आणि उपाशी वकिलासारखा धोकादायक प्राणी नाही. त्यांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं: भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८. "अण्णांच्या मागण्या काय आहेत? नागरिकांची सनद, राज्यांत लोकायुक्त आणि खालची नोकरशाही लोकपालाच्या कक्षेत. बरोबर?"

"बरोबर."

"तुमची शाळा अनुदानित?"

"शंभर टक्के."

"मग ही 'लोकसेवक' शब्दाची व्याख्या वाचा. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचा नोकरसुद्धा यात येतो. म्हणजे सर, तुम्ही लोकसेवक आहात. आणि तुम्ही इथं बसलाय ते तुमच्यावर नजर ठेवायला कुणीतरी नेमा, अशी मागणी करायला." ते मनापासून खूश झाले. "फार मोठं मन लागतं याला."

माझ्या डोळ्यांसमोर मस्टर आलं. आजची तारीख, माझा रकाना, निळ्या शाईतली सही.

नेमकी त्याच वेळी कोपऱ्यावरून घोषणा ऐकू आली. शाळेतल्या एका उत्साही तरुण सरांनी आंदोलनाला पाठिंबा म्हणून मुलांची फेरी काढली होती. कुठल्या वर्गाची? ज्या वर्गाचा तास रिकामा होता त्या. नववी ब. रिकामा का होता, तर तो माझा नागरिकशास्त्राचा तास होता. मुलं मांडवासमोर येऊन थांबली, मला पाहून त्यांना भरतं आलं, "सर तुम संघर्ष करो" अशी सुधारित घोषणा झाली. पहिल्या रांगेतल्या एका प्रामाणिक मुलीनं घोषणा संपल्यावर विचारलं, "सर, तुमचा धडा उद्या घेणार का?"

आता या सगळ्यानं झालं की आमटीनं, हे वैद्यकशास्त्रानं ठरवावं. दोनच्या पुढे पोटात काहीतरी हललं. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, ताडपत्रीखाली भट्टी पेटली होती, भोंगा कानाशी. आधी घशाशी आलं, मग कपाळाला घाम, मग समोरची कचेरी एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे. "लाडू खा," असं मनात आलं आणि त्या लाडवाच्या नुसत्या विचारानं माझं विमान कोसळलं. मी भाऊंच्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्यावर आडवा झालो. झब्बा त्यानंतर पांढरा राहिला नाही.

एकच गलका झाला. "सरांची प्रकृती खालावली!" "डॉक्टर बोलवा!" "सरकारचा धिक्कार असो!" माझ्या ओकारीबद्दल केंद्र सरकारचा धिक्कार होत असताना मी डोळे घट्ट मिटून घेतले, कारण उघडे ठेवण्याची हिंमत नव्हती. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. चपला हुंगवायचा प्रस्तावही आला होता, तो वकीलसाहेबांनी फेटाळला. मला वडापच्या जीपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. मागून दहा मोटारसायकली. साडेतीन तासांत मला जेवढं जनसमर्थन मिळालं तेवढं वीस वर्षांच्या नोकरीत मिळालं नव्हतं.

डॉक्टर तरुण होता, नुकताच बाँडवर आलेला. "कधीपासून पोटात काही नाही?"

"सकाळपासून!" दारातली गर्दी म्हणाली.

त्यानं पोट दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं. मग गर्दीला बाहेर काढलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "काका, काय काय खाल्लं?"

मी सांगितलं. तो लिहीत गेला. आमटी दोनदा म्हटल्यावर त्यानं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. बाहेर जाऊन त्यानं एवढंच सांगितलं, "पोटाचा त्रास आहे. विश्रांती लागेल." माणूस सभ्य होता, एक शब्द खोटा बोलला नाही. पण उपोषणाला बसलेल्या माणसाच्या पोटाला त्रास म्हटल्यावर बाहेरच्या वार्ताहरानं काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी तालुका पानावर दोन कॉलमी फोटो. 'उपोषणकर्त्या शिक्षकाची प्रकृती खालावली.' खाली माझं नाव, शाळेचं नाव, आणि तारीख.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. टेबलावर डावीकडे पेपर उघडा, उजवीकडे मस्टर उघडं. माणूस मितभाषी. पेपरवर बोट ठेवलं. "हे तुम्हीच ना?"

"हो सर."

बोट मस्टरवर आलं. "आणि हे?"

"तेही मीच."

"एकाच वेळी दोन ठिकाणी असणं पूर्वी संतांना जमायचं," ते म्हणाले.

लाचलुचपतवाले सापळा लावतात तेव्हा नोटांना पावडर लावलेली असते; ती हाताला लागली की हात सोड्याच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होतं. मी माझ्या बोटांकडे पाहिलं. निळी शाई होती.

मुख्याध्यापक तसे दयाळू. आंदोलनाबद्दल त्यांनाही आस्था होती, त्यांच्याही कपाटावर टोपी होती. "२३ तारखेचा किरकोळ रजेचा अर्ज देऊन टाका," म्हणाले, "म्हणजे विषय संपला." मी अर्ज लिहिला. कारण: घरगुती. शाळेच्या लेखनिकाकडे घेऊन गेलो, तर मला एक रास्त शंका आली. "पण आवक रजिस्टरला २३ तारीख तर केव्हाच संपली असेल?"

लेखनिकानं रजिस्टर उघडलं. २३ तारखेच्या शेवटी दोन ओळी कोऱ्या होत्या. २२च्या शेवटीही दोन. मागे बघत गेलो, जवळपास रोजच्या शेवटी दोन. "ठेवाव्या लागतात," तो म्हणाला. "कुणाला कधी लागतील सांगता येत नाही." आणि अर्जावर आवक क्रमांक टाकता टाकता, "सर, एवढं आंदोलन झालं, स्टाफला मिसळ नाही का?"

चौदा मिसळी झाल्या, जादा पावासकट. मी याला लाच म्हणत नाही. लेखनिकही म्हणाला नाही. आम्ही त्याला आंदोलनाचा आनंद म्हटलं.

२७ ऑगस्टला संसदेनं तिन्ही मागण्यांना तत्त्वतः होकार दिला आणि २८ला, रविवारी सकाळी, अण्णांनी दोन लहान मुलींच्या हातून नारळपाणी आणि मध घेऊन उपोषण सोडलं. गावात फटाके वाजले. भाऊंनी पेढे वाटले. मला दोन दिले. मांडवाची ताडपत्री जशीच्या तशी गणपतीला वापरली आणि आकडाही तसाच राहिला, कारण देव आले म्हटल्यावर काढणार कोण? नोव्हेंबरात माझी वारस नोंद मंजूर झाली. उरलेले पंधराशे घ्यायला भाऊ घरी आले तेव्हा टोपी घालून आले नाहीत, एवढं त्यांचं मी मानतो. झब्ब्याच्या धुलाईचे त्यांनी वेगळे लावले नाहीत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्याच डिसेंबरात मुंबईच्या एमएमआरडीए मैदानावर अण्णा पुन्हा बसले, गर्दी जमली नाही, तब्येत बिघडली, दुसऱ्याच दिवशी उठावं लागलं. टीव्हीवरचं ते ओसाड मैदान मी रजई घेऊन पाहिलं. नाताळची सुट्टी होती, रजेचा प्रश्नच नव्हता, जाता आलं असतं. कायदा डिसेंबर २०१३मध्ये संसदेत मंजूर झाला. पहिले लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडलं. तोवर नववी बच्या मुलांना मिशा फुटून ती नोकरीला लागली होती. मध्ये २०१८ साली जुना १९८८चा कायदा बदलला, आणि लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आली. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची. वाचून मी लिंबाखालच्या व्यवहाराचे दिवस बोटांवर मोजले. सातात बसत नव्हते. वकीलसाहेबांना विचारलं, ते म्हणाले घाबरू नका, असा कायदा मागच्या तारखेनं लागू होत नाही. रजेचा अर्ज होतो, कायदा होत नाही, हे मी लक्षात ठेवलं. रेटचं म्हणाल तर भाऊंचं भाकीत अगदीच चुकलं असं ऐकिवात नाही.

ऑक्टोबर २०२५मध्ये लोकपाल कार्यालयानं सात बीएमडब्ल्यू गाड्यांसाठी निविदा काढल्याची बातमी आली. सकाळी सकाळी वकीलसाहेबांचा फोन. आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत, आवाज खणखणीत. "सर, आपण उपाशी बसलो ते यासाठी होय?"

"साहेब," मी म्हटलं, "उपाशी तुम्ही बसला होता. मी जेवून आलो होतो."

फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मग एवढंच विचारलं, "काय जेवला होता?"

पेपरातलं ते कात्रण हिनं तेव्हाच फ्रेम करून घेतलं, ते अजून बाहेरच्या खोलीत आहे. फोटोत भाऊंच्या मांडीवर माझं डोकं आहे, माझे डोळे मिटलेले आहेत, टोपी घसरून कानावर आली आहे. मागचा खांब आणि त्यावरचा आकडा स्वच्छ दिसतो.